आमच्या रक्ताचं पुढे काय झालं? पुणे विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, विद्या परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य आणि विज्ञान विभागांचे प्रमुख,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, गणेशखिंड, पुणे.

विषय : पीएच.डी. प्रबंधासोबत मराठी 'गावप्रत' बंधनकारक करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझी एम.एस्सी. आपल्याच विद्यापीठाची, त्यामुळे हे पत्र घरच्या माणसाचं आहे असं समजावं.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचण्याची सक्ती नको. माणसांच्या रक्तावर, आहारावर, पाण्यावर, शेतावर किंवा जनावरांवर केलेला कोणताही प्रबंध विद्यापीठात दाखल होताना त्याच्यासोबत चार पानांची मराठी प्रत असावी. काय शोधलं, कसं शोधलं, काय हाती आलं, काय आलं नाही आणि आता गावाने काय करावं किंवा करू नये, एवढंच त्यात असावं. ती प्रत ज्या गावांतून नमुने नेले तिथल्या ग्रामपंचायतीला, शाळेला आणि आरोग्य केंद्राला मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच जोडलेली असावी. पोच नसेल तर तोंडी परीक्षेची तारीख देऊ नये. मी तिला 'गावप्रत' म्हणते, आपण हवं ते नाव द्या.

आता हे सुचलं कशावरून ते सांगते.

आमच्याकडे बारावीच्या मुलांना संशोधन म्हणजे 'नीट' हुकल्यावर करायची गोष्ट वाटते. डॉक्टर होता आलं नाही, मग बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग बघू. त्यांचा हा समज मोडायला मी त्यांना विद्यापीठातल्या कामांच्या गोष्टी सांगते, आणि त्या सांगताना मलाच दरवेळी नवल वाटतं की एका आवारात इतकं वेगवेगळं चालतं. भूगोल विभागात डॉ. विश्वास काळे यांनी नर्मदेच्या जुन्या महापुरांवर काम केलं. पूर घळईत चढतो, पाणी जिथे संथ होतं तिथे खडकांच्या आडोशाला गाळाचा थर टाकतो आणि ओसरतो. ते थर शोधून, त्यांची उंची आणि वय काढून, ज्या पुरांची नोंद कोणत्याही सरकारी वहीत नाही ते पूर किती मोठे होते हे सांगता येतं. मुलं हे ऐकताना गप्प होतात, कारण गाळ त्यांनी रोज पाहिलेला असतो. पदार्थविज्ञान विभागात इलेक्ट्रॉनांना वेग देणारा मायक्रोट्रॉन आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ॲसिनेटोबॅक्टर नावाच्या जंतूवर वर्षानुवर्षं काम झालं. या जंतूची एक जात आज अतिदक्षता विभागांतल्या डॉक्टरांची झोप उडवते, कारण ती बऱ्याच प्रतिजैविकांना दादच देत नाही. मानवशास्त्रवाले माणसांची मापं घेत आदिवासी पाड्यांवर फिरतात. आणि विद्यापीठातल्याच संशोधकांनी २००५ साली आयुर्वेदातली प्रकृती आणि एचएलए या रोगप्रतिकाराशी निगडित जनुकांमधले फरक यांचा काही मेळ बसतो का, हे तपासून पाहिलं. शंभराहून कमी माणसांवरचा तो अभ्यास होता, त्यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पण वात-पित्त-कफाचा प्रश्न थेट जनुकांना विचारायचा, हे धाडस मला आवडतं.

आवाराच्या आतच खगोलशास्त्राची आयुका ही संस्था आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, संगणकांवर काम करणारी सी-डॅक आहे. या संस्था विद्यापीठाच्या मालकीच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण बाहेरून येणाऱ्या मुलाला ती कुंपणं दिसत नाहीत. त्याच्या लेखी ते सगळं 'युनिव्हर्सिटी'च.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली झालं आणि राज्यातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद महाविद्यालयं तिकडे गेली. तेव्हापासून अनेकांना, आपल्या काही प्राध्यापकांनासुद्धा, वाटतं की आरोग्याचं संशोधन म्हणजे नाशिकचा प्रांत. तसं मुळीच नाही. माणूस आजारी पडण्याआधी तो काय खातो, कुठलं पाणी पितो, कोणत्या जमिनीत राबतो, लग्न कोणत्या नात्यात करतो, हे सगळं वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराबाहेर घडतं. ते अभ्यासणारे लोक प्राणिशास्त्रात, संख्याशास्त्रात, पर्यावरणशास्त्रात, भूगोलात आणि मानवशास्त्रात असतात. शिवाय आपल्याकडे स्वतंत्र आरोग्यविज्ञान विभाग आहे आणि फार्मसीची महाविद्यालयं तर ढिगाने आहेत. म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत आरोग्याच्या नावाने जे नमुने गोळा होतात, त्यांतले बरेचसे आपल्याच विद्यार्थ्यांच्या थंडपेट्यांतून जातात.

ती थंडपेटी मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका अंगणवाडीत शिबिर झालं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. सकाळी उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. बायका सातपासून ओट्यावर बसून. शेतात मजूर खोळंबलेले, घरी गुरांचं पाणी राहिलेलं. आत एक मुलगी वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी घेऊन, दुसरी रबरी पट्टा आवळून रक्त काढणारी. जांभळ्या टोपणाच्या नळ्या, त्यांवर नाव नाही, फक्त क्रमांकाचा स्टिकर. काढलेली नळी हळूच उलटीपालटी करायची आणि बर्फाच्या पेटीत उभी ठेवायची. शेवटी बिस्किटचा पुडा आणि चहा. मुली नम्र होत्या, हात हलका होता, कुणाला त्रास झाला नाही. संमतिपत्र मराठीत होतं आणि 'मला या अभ्यासातून कोणत्याही क्षणी माघार घेण्याचा अधिकार आहे' हे वाक्य त्यांनी प्रत्येकीला वाचून दाखवलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं जे सांगतात ते सारं कागदावर बरोबर होतं.

नंतर कुणीही फिरकलं नाही.

वर्गातल्या एका मुलाची आई त्यात होती. तिने मला बाजारात गाठून विचारलं, "मॅडम, आमच्या रक्ताचं पुढं काय झालं हो?" मला वाटलं, हा प्रश्न संमतिपत्रात कुठेच नव्हता. माघार घेण्याचा हक्क तिला दिला होता. कळण्याचा हक्क कुणी दिला नाही, आणि तिने मागितला तर कुठे मागायचा हेही सांगितलं नाही. पत्रावर दिलेला नंबर त्या मुलीचा होता, आणि मुली पदवी घेऊन निघून जातात.

मी शोधलं. सापडला तो एका इंग्रजी नियतकालिकातला लेख, तोही बहुधा तोच असावा असा अंदाज. पहिला परिच्छेद दिसला आणि पुढे डॉलरमध्ये पैसे मागणारं पान. 'एक देश एक वर्गणी' योजनेत केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली केली. चांगलंच झालं. पण आमचं कनिष्ठ महाविद्यालय त्यात बसत नाही, आणि त्या बाईची ग्रामपंचायत तर नाहीच नाही. ज्यांच्या शिरेतून तो लेख निघाला त्यांच्यासाठी दार बंदच राहिलं.

कुणी म्हणेल, प्रबंधांचं ऑनलाइन भांडार शोधगंगा आहे की. आहे. २००९ च्या नियमांपासून प्रबंध तिथे चढवणं सक्तीचं झालं आणि ती सगळ्यांना फुकट खुली आहे, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण दोन-अडीचशे पानांचा इंग्रजी प्रबंध, त्यात पहिली साठ पानं आधीच्या अभ्यासांचा आढावा, मग पद्धती, मग तक्ते. मी एम.एस्सी. असून घाम निघतो. ती माऊली काय करणार?

आता दुसरी बाजू. खोडद आमच्यापासून जवळ आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बीण प्रकल्पाच्या तीस दुर्बिणी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, मध्यभागापासून तीन फाट्यांनी २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. आकाशातल्या क्षीण रेडिओ लहरी ऐकायच्या तर भोवती मानवी गोंगाट कमी हवा, म्हणून प्रा. गोविंद स्वरूप यांच्या चमूने हा भाग निवडला. आता या दुर्बिणीतून शेतकऱ्याला काय मिळालं? रोख काहीच नाही. टोमॅटोचा भाव वाढला नाही. तरी दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे जत्रा भरते. शाळांच्या बस, ट्रॅक्टर, दुचाकीवर तिघे. मुलं स्वतः केलेले प्रयोग मांडतात आणि शास्त्रज्ञ उन्हात उभं राहून तेच ते उत्तर शंभरदा देतात. २०२३ च्या जूनमध्ये जगभरच्या दुर्बिणींनी मिळून स्पंदकांच्या, म्हणजे ठराविक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, साहाय्याने अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला, त्यात जीएमआरटीच्या नोंदी होत्या. ती बातमी आमच्या मुलांना 'आपल्या खोडदची' वाटली.

आयुकाचंही तसंच. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि मिळायची. दीर्घिकांवर काम करणारा माणूस पंधरा पैशांच्या कार्डावर मराठीत उत्तर द्यायचा, आणि गावातून रक्त नेणारा विभाग चार ओळी पाठवत नाही, ही उलटी गंगा मला आजही उलगडत नाही. खगोलशास्त्रज्ञ आमचं काहीच नेत नाहीत आणि परत येतात. आरोग्यवाले नेतात आणि येत नाहीत.

सगळेच तसे नाहीत, हे लगेच लिहिते, नाहीतर अन्याय होईल. भिगवण म्हटलं की सगळ्यांना फ्लेमिंगो आठवतात. पण संधिवाताच्या जागतिक अभ्यासात भिगवण प्रसिद्ध आहे ते तिथल्या माणसांच्या गुडघ्यांमुळे आणि कंबरांमुळे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने तिथे घरोघर पाहणी झाली आणि सुमारे १८ टक्के प्रौढांना सांध्या-स्नायूंचं दुखणं असल्याचं दिसलं. पाहणी करणारे नंतरही वर्षानुवर्षं तिथे जाऊन रुग्ण तपासत राहिले. दुसरं उदाहरण केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची नोंद सुरू झाली. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, हे तर कुणीही सांगितलं असतं. पण चिमट्याने कातडीची जाडी मोजल्यावर दिसलं की स्नायू कमी असूनही पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून आहे. वरून रोड, आतून स्थूल. मधुमेहाची पायवाट पाळण्यातच सुरू होते, हा विचार तिथून जगभर गेला. आगरकर संस्थेच्या संशोधकांनी त्याच बायकांच्या ताटांचा हिशेब मांडला, तेव्हा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त असणाऱ्यांची बाळं अंगाने मोठी दिसली. मुलं सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गुंता दिसला. गरोदरपणात ज्यांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती.

ही कामं विद्यापीठाच्या विभागांतली नाहीत. मुद्दा असा की ती तीन-तीन दशकं टिकली ती गावांनी साथ दिली म्हणून. ज्या बाळांना चिमटे लावले ती मुलं मोठी होऊन पुन्हा तपासायला आली. एकदा रक्त नेऊन गायब झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा कुणी दंड पुढे करत नाही. आमच्या भागात आता तसंच होऊ लागलंय. मागे एक मुलगी विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यायला आली. पाणीच, रक्तसुद्धा नाही. तरी पहिल्या तीन घरांत तिला विचारलं गेलं, "मागच्यांचं काय झालं ते सांग आधी." ती बिचारी मागच्यांना ओळखतही नव्हती. कुणाचं कर्ज कुणाच्या माथी!

आपण ज्या वास्तूत बसता तिच्याबद्दल एक गोष्ट सांगते, आपल्याला माहीत असेलच. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. त्याच प्लेगमध्ये रँडचे सैनिक पुण्याच्या घराघरांत शिरले, माणसं उचलून नेली, देवघरं आणि माजघरं उस्कटली, कुणाला काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. २२ जूनच्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून रँड गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यातून परतत असताना चाफेकरांनी त्याला गाठलं. तो बंगला म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. २०१४ पासून तिच्यावर सावित्रीबाईंचं नाव आहे. प्लेग आटोक्यात आणण्याचे उपाय शास्त्राच्या दृष्टीने सगळेच चुकीचे नव्हते. घरं रिकामी करणं, रुग्ण वेगळे ठेवणं हे आपण कोविडमध्येही केलं. फरक कशात पडला हे त्या इमारतीत बसून ठरवणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

आणि हे फार जुनं वाटत असेल तर २०२५ चा जानेवारी घ्या. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले, काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. पोट बिघडवणारा जंतू शरीराला असा चकवतो की त्याच्याशी लढायला तयार झालेली यंत्रणा पुढे स्वतःच्याच मज्जातंतूंवर उठते. हे समजून घ्यायला सूक्ष्मजीवशास्त्र लागतं, प्रतिकारशास्त्र लागतं, पाणी कुठून कुठे जातं हे सांगणारा भूगोल लागतो, वाढलेला आकडा खरोखर वेगळा आहे की योगायोग हे ठरवायला संख्याशास्त्र लागतं. म्हणजे आपले अर्धे विभाग. त्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मात्र कोंबडी खावी की नाही, पनीर चालेल का, पाणी उकळावं की फिल्टर पुरे, यावर एकाहून एक सल्ले येत होते आणि त्यांतल्या एकाखालीही विद्यापीठाचं नाव नव्हतं. महापालिकेची पत्रकं होती, विषाणू संस्थेचा खुलासा वर्तमानपत्रांतून आला. ज्यांना हा विषय शिकवायचा पगार मिळतो ते गप्प होते. (मीही त्यातलीच एक, पण माझ्या हाताखाली प्रयोगशाळा म्हणजे दोन सूक्ष्मदर्शकं.)

गावप्रतीवर कोणते आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे.

पहिला, वेळ. चार पानं लिहायला वेळ नाही असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने दोनशे पानं लिहिलेली असतात. शिवाय आपले बहुसंख्य संशोधक विद्यार्थी नाशिकच्या, नगरच्या, पुण्याच्या खेड्यांतून मराठी शाळांत शिकून आलेले. त्यांना इंग्रजीत लिहिताना जास्त घाम फुटतो. भाषा घासूनपुसून घ्यायला रानडे इन्स्टिट्यूटचे पत्रकारितेचे विद्यार्थी आहेत. त्यांनाही सरावाला खरा मजकूर मिळेल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अर्धवट निष्कर्ष लोकांच्या हाती दिला तर घबराट होईल, गावाला नाव पडेल. २०२१ मध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण पुरंदरमधल्या बेलसरला सापडला तेव्हा ते गाव रातोरात देशभरच्या बातम्यांत गेलं. सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजारात तर हा धोका फार मोठा. एखाद्या पाड्यात वाहक जास्त आहेत, एवढं नुसतं पसरलं तरी तिथल्या मुलींची लग्नं अडतील. म्हणूनच पेपरात गावाचं नाव लपवतात आणि ते योग्यच आहे. पण गावापासून गावाचीच माहिती लपवायची, हे त्यातून कसं निघतं? कुणाला काय सांगायचं, एकेकाला त्याचा अहवाल खासगीत कसा द्यायचा, सगळ्यांसमोर फक्त काय बोलायचं, हे ठरवण्यासाठी आपल्याकडे नीतिसमित्या आहेत. आज त्यांच्यासमोर प्रश्न येतात ते नमुना घेण्याआधीचे. नंतरचेही यावेत. गावप्रतीचा मसुदा त्यांनी पाहावा, काय गाळायचं ते गाळावं. घबराटीची भीती खरी आहे, पण मोकळी राहिलेली जागा रिकामी राहत नसते. ती कोण भरतं ते २०२५ च्या त्या जानेवारीत पाहिलं.

तिसरा आक्षेप फारसा उघड बोलला जात नाही. पुष्कळ प्रबंधांतून सांगण्यासारखं काही निघतच नाही. इथे मी संशोधकांच्या बाजूने आहे. 'तुमच्या विहिरींच्या पाण्यात आम्ही अमुक धातू शोधले, ते धोक्याच्या पातळीखाली आहेत' हा निकाल नियतकालिकांना नकोसा असतो. गावासाठी त्याच्याइतका गोड निकाल दुसरा नाही. काही न सापडल्याचं कळवणारी गावप्रत मी फ्रेम करून आमच्या प्रयोगशाळेत लावीन.

आणि कृपा करून याचा अर्थ असा घेऊ नये की संशोधन लोकांना उपयोगी पडलंच पाहिजे. ही ओरड मला मान्य नाही. नर्मदेच्या घळईतल्या गाळाने कुणाचं घर चाललं नाही आणि त्याने काही अडत नाही. शुद्ध गणिताच्या विद्यार्थ्याकडे गावप्रत मागू नये, त्याला सुखाने त्याच्या समीकरणांत राहू द्यावं. जिथे माणसांकडून काही घेतलं तिथेच ही अट लावा. विभागांची कामं इतकी निरनिराळी आहेत की सगळ्यांना एकच साचा लावला तर तो कागदी घोडाच होईल. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी गोठ्यातल्या गोचिडी नेतो, त्याने शेतकऱ्याला एक पान दिलं तरी पुरे. मानवशास्त्राचा विद्यार्थी वर्षभर पाड्यावर राहतो, त्याने जाऊन बोलावं, लिहू नये कदाचित. ते त्या त्या विभागाने ठरवावं.

आपण हे करू शकता यावर माझा विश्वास का आहे, तेही सांगते. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिरफाड डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल निघाली. ते काम आपल्या आवारातून झालं. स्वतःच्याच बिरादरीचं पितळ उघडं पाडायला हिंमत लागते. त्यानंतर यादी बदलली, 'केअर' नावाची नवी यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. पण पैसे घेऊन छापणाऱ्या त्या दुकानांत ज्यांनी हजारो रुपये ओतले, त्यांना चार पानांची छपाई परवडणार नाही असं कुणी म्हणू नये.

विद्या परिषदेच्या सदस्यांना वाटलं तर सगळ्या विभागांवर एकदम लादण्याऐवजी आधी आरोग्यविज्ञान, मानवशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र एवढ्यांपुरतं दोन वर्षं करून पाहावं. छापील प्रतींबरोबरच या गावप्रती जयकर ग्रंथालयात वेगळ्या कपाटात आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गावाच्या नावाने नव्हे तर तालुक्याच्या नावाने ठेवाव्यात. विद्यापीठाच्या विद्यावाणी रेडिओवर (१०७.४) आठवड्यातून एक गावप्रत ज्याची त्याने वाचून दाखवावी. आवाज शहराबाहेर फार पोचत नाही हे माहीत आहे, पण ध्वनिफीत फोनवर पाठवता येते. ज्या बायका वाचत नाहीत त्या ऐकतील.

पहिला विद्यार्थी आमच्याकडे पाठवायचा असेल तर सोय आमची. महाविद्यालयाचा हॉल आहे, प्रोजेक्टर चालतो, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. शनिवार सोयीचा. फक्त फेब्रुवारी-मार्च टाळा, द्राक्षांची तोडणी असते आणि बायका मिळणार नाहीत. त्या अंगणवाडीतल्या सगळ्या बायकांना मी निरोप देईन. प्रश्न अवघड येतील, एवढी तयारी त्याने करून यावं. जेवण आमच्याकडे.

आपली नम्र,
जीवशास्त्राची एक शिक्षिका आणि विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी,
तालुका जुन्नर, जिल्हा पुणे.